छताचे अस्तर

जुन्या मोटारीच्या छताचे कापड सुटून प्रवाशांच्या मस्तकावर लोंबू लागले, म्हणजे मालकाचा पहिला संशय चिकटद्रव्यावर जातो. आणि त्या संशयापायी टाचण्या टोचणे, सुईने सोल्यूशन आत सोडणे असे जे इलाज तो करतो, ते सारे अल्पजीवी ठरतात, कारण कसूर बहुधा तेथे नसतेच. साच्यात दाबून घडविलेला ताठ तक्ता, खाली डोळ्यांस दिसणारे कापड, आणि त्या कापडाच्या पाठीला जोडलेला दोन-तीन मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेनचा फोम, अशी या अस्तराची रचना असते. स्पर्शाला मृदुता आणावी आणि तक्त्याचा खडबडीतपणा झाकावा, एवढ्यासाठी योजलेला हा मधला थरच सर्वांत अल्पायुषी असतो. उन्हात उभ्या गाडीचा अंतर्भाग ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, छताचा पत्रा त्याहूनही अधिक. त्यात कोकणपट्टीसारख्या प्रदेशातील दमट हवेची भर पडली, की वर्षानुवर्षे फोमच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जाऊन त्याची भुकटी होते. कापडाचा धागा शाबूत, तक्ताही शाबूत. परंतु दोघांना धरून ठेवणारे मध्ये काहीच उरलेले नसते, आणि भुकटीवर लावलेले सोल्यूशन भुकटीलाच चिकटते.

म्हणून या दुरुस्तीचा आरंभ काही जोडण्यापासून नव्हे, तर काढण्यापासून होतो. दिवा, झडपा, हातधरण्या, दारांवरचे रबरी बीडिंग हे सर्व उतरवून तक्ता न वाकविता बाहेर काढावा लागतो. कारण तो एकदा मोडला, की त्याची घडी नव्या कापडातूनही दिसते. मग जुने कापड ओढून काढून फोमचा कण न् कण ब्रशने घासून टाकायचा, तोही तक्त्याचे तंतू न उचकटता. हे काम कंटाळवाणे, धुळीचे आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीआड होणारे आहे, आणि तरीही उरलेल्या सर्व कामाचा टिकाऊपणा त्यावरच अवलंबून असतो. त्यानंतर उष्णता सोसणारे सोल्यूशन दोन्ही पृष्ठांवर लावून, ते किंचित सुकू देऊन, फोमची पाठ असलेले नवे कापड मध्यापासून कडांकडे हाताने दाबीत नेतात. त्यात कौशल्य आहे खरे, परंतु त्यातील निम्मे श्रेय आधीच्या घासणीचे असते.

कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सीसेवेतून बाहेर पडलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या पिढीतील गाड्यांत व्यवस्था निराळी होती. तेथे कापडाच्या किंवा रेक्झिनच्या पाठीला शिवलेल्या नळ्यांतून पोलादी सळया ओवून ते छताखाली ताणून बसवीत. चिकटविणे फक्त कडांपुरते. ही पद्धत सोपी होती असे मी म्हणणार नाही. अशा पुष्कळ गाड्यांत समोरची काच उतरविल्यावाचून कडेला हात पोचत नाही, आणि प्रत्येक सळईचा बाक वेगळा असल्याने त्यांचा क्रम चुकला तर छताला सुरकुत्या पडतात. परंतु त्या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती ही की कापड केव्हातरी जीर्ण होणार आणि एखादा कारागीर ते उलगडणार. शिवण उसविता येते, सळई पुन्हा ओविता येते. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी आपली छते रंगीबेरंगी नक्षीच्या आवरणांनी मढविली, ती या परंपरेला साजेशीच होती.

तीन थरांच्या अस्तरात हा उलगडण्याचा विचार नाही. त्याने उत्पादनाचा वेळ वाचविला, आवाज शोषला, गाडी आतून नीटस केली, आणि हे लाभ लहान नव्हेत. मात्र त्याची मुदत संपली, की दुरुस्तीचा भार पुढच्या मालकावर आणि गल्लीतल्या सीटकव्हरवाल्यावर पडतो, ज्याची कारखान्याच्या हिशेबात कोठेच नोंद नसते. त्या कारागिराने घासण्याची मजुरी वेगळी सांगितली, तर गिऱ्हाईक कुरकुर करते आणि नव्या कापडाचा भाव मात्र निमूट देते. मला ही वाटणी अन्यायाची वाटते. कापड बाजारात कोणालाही मिळते. तक्ता निर्मळ होईपर्यंत हात न थांबविणारा मनुष्य दुर्मीळ आहे, आणि मजुरीतला मोठा वाटा त्याच्या त्या कामापोटी द्यावयास हवा.