न विचारता घेतलेलं

1966 च्या सुमारास अमेरिकेत काही तान्ह्या बाळांना एक नवी लस टोचली गेली. लस आरएसव्ही या विषाणूविरुद्धची होती. या विषाणूनं मोठ्यांना बहुतेक वेळा साधी सर्दी होते. नाक पुसत आपण कामावर जातो. पण तान्ह्या बाळाच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या मुळातच अरुंद असतात. थोडी सूज आणि थोडा चिकट स्राव त्यांना बुजवायला पुरतो. बाळाचं पोट उडायला लागतं, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, दूध ओढायला दम उरत नाही. काहींना अतिदक्षता विभागात न्यावं लागतं. तिथेही या विषाणूवर खात्रीचा उतारा नसतो. ऑक्सिजन द्यायचा, नळीनं दूध द्यायचं, गरज पडली तर व्हेंटिलेटर लावायचा आणि बाळाचं शरीर सावरेपर्यंत वाट बघायची.

हे टळावं म्हणूनच ती लस होती. विषाणू फॉर्मालिननं मारून टोचायचा, ही रीत भलतीसलती नव्हती. 1955 मध्ये साल्क यांची पोलिओची लस त्याच रीतीनं यशस्वी झाली होती. इथे मात्र उलटंच झालं. वॉशिंग्टनमधल्या चाचणीत लस घेतलेल्या 31 बाळांपैकी 20 जणांना पुढे संसर्ग झाला आणि त्यातल्या 16 जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. ही लस न मिळालेल्या पण संसर्ग झालेल्या बाळांमध्ये हेच प्रमाण शेकडा 5 होतं. लस घेतलेली दोन बाळं दगावली.

असं का झालं, हे समजायला कित्येक वर्षं गेली. विषाणूच्या अंगावरचं एक प्रथिन पेशीत शिरताना आपला आकार बदलतं. जुन्या लसीनं शरीराला ओळख करून दिली ती मुख्यतः नंतरच्या, बिनकामाच्या आकाराची. 2013 मध्ये शास्त्रज्ञांनी आधीचा आकार पकडला आणि तो तसाच गोठवून ठेवायची युक्ती शोधली. त्यातून 2023 मध्ये गरोदर बाईला द्यायची लस आली. आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं नाळेतून बाळाकडे जातात आणि बाळ जन्मतानाच थोडं चिलखत घालून येतं.

आता माझा प्रश्न. त्या दोन बाळांचं आपण काय लागतो?

पहिला शब्द सुचतो तो ‘बलिदान’. तो मला खोटा वाटतो. बलिदान देणारा ते स्वतः देतो. या बाळांना बोलताही येत नव्हतं, मग त्यांना विचारलं कोणी आणि त्यांनी दिलं काय? त्यांच्याकडून घेतलं गेलं. आपण त्याला बलिदान म्हणतो ते त्यांच्या मोठेपणासाठी नाही, आपल्याला बरं वाटावं म्हणून.

दुसरी वाट हिशेबाची. दोन गेली, पुढे लाखो वाचतील. बेरीज बरोबर आहे. पण ही बेरीज नेहमी वाचलेलेच मांडतात. आणि लस टोचणाऱ्या हातांना तरी असा सौदा कुठे करायचा होता? त्यांना ती बाळंही वाचवायचीच होती. म्हणजे या गोष्टीत हुतात्मा नाही आणि खलनायकही नाही. दोन्ही नसले की आपण गोष्ट विसरून जातो, कारण टाळ्या कुणासाठी वाजवायच्या आणि शिव्या कुणाला घालायच्या हेच कळत नाही.

माझ्या मते इथे आपला जुना शब्द कामाचा आहे: ऋण. ऋण मागून घेतलेलंच असावं लागत नाही. आईवडिलांचं ऋण आपण जन्मताना घेऊन येतो, तेव्हा आपली सही कुणी घेतलेली नसते. ते त्यांना परतही करता येत नाही. आपल्याकडे पितृऋण फिटतं ते पुढच्या पिढीला जन्म देऊन, वाढवून. देणेकरी मागे असतो, फेड पुढे होते.

पण ‘पुढे’ म्हणजे कुणाकडे? फक्त माझ्या लेकराकडे? आरएसव्हीनं दर वर्षी जगभरात पाच वर्षांखालची सुमारे 1 लाख मुलं दगावतात असा अंदाज आहे. त्यातले 97 टक्क्यांहून जास्त मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. आपला देश त्यातच येतो. नवी लस मात्र आधी पोचली ती श्रीमंत देशांत, जिथे अतिदक्षतेची खाटही सहज मिळते. ज्यांच्या गावापासून व्हेंटिलेटर शंभर किलोमीटरवर आहे, त्यांना लसीची गरज सर्वांत जास्त, आणि तेच रांगेत शेवटी.

उद्या माझ्या घरात बाळ येणार असेल तर मी पैसे मोजून ही लस घेईन. त्यात गैर काही नाही. फक्त तेवढ्यानं ऋण फिटलं असं मला म्हणता येणार नाही. मी औषधाची किंमत दिलेली असेल. ते ऋण कुणा एकाच्या नावावर नाही, म्हणून ते एकट्याच्या खिशातून फिटतही नाही. ही लस सरकारी लसीकरणाच्या यादीत कधी येणार, मेळघाटातल्या आरोग्य केंद्रात कधी पोचणार, हे विचारत राहणं हा त्या फेडीचा आपल्या वाट्याचा हप्ता आहे.