घरातला मुका फोन



घरभेटीसाठी आम्ही मोरव्यातील एका घरी गेलो होतो. बैठकीच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर जुना टेलिफोन होता. त्यावर विणलेला रुमाल घातलेला. घरचा मुलगा म्हणाला, "फादर, वर्षभरात यावर कुणाचा फोन आलेला नाही. भाडे मात्र दर महिन्याला भरतो. आईला तुम्हीच सांगा, आता बंद करूया." आम्हीही लगेच मान डोलावली. वापर नाही, तर खर्च कशाला? आजी काहीच बोलल्या नाहीत. आम्ही निघालो तेव्हा दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "फादर, मोबाईल यांच्या खिशात असतात. कुणाला न विचारता मी उचलू शकते असा हा एकच फोन आहे."

उत्तर देण्याची आम्ही घाई केली होती, हे तेव्हा आमच्या लक्षात आले.

एके काळी टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९८६ साली मुंबई व दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले. आपला मिरा-भाईंदरचा भागही त्याच्याच कक्षेत येतो. तरीही फोन मोजक्याच घरी असे आणि शेजारचे दहा जण आपल्या लग्नपत्रिकेवर त्या घरचा नंबर देऊन पुढे 'पी.पी.' असे लिहीत. आखातातून कुणाचा फोन आला की पोरगा निरोप घेऊन धावत सुटे. भाडे एक घर भरी, पण फोन साऱ्या आळीचा असे.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मालमत्तेविषयी हाच विचार मांडला आहे. वस्तू मिळवण्याचा आणि तिची व्यवस्था पाहण्याचा हक्क माणसाला आहे. मात्र वापराच्या बाबतीत ती केवळ माझीच असे त्याने मानू नये. गरजवंताला तिचा वाटा द्यायला तो तयार असावा. पी.पी. नंबर देणाऱ्या आपल्या वाडवडिलांनी थॉमस वाचला नव्हता, पण तो आचरणात आणला होता.

१९९५ साली भारतात मोबाईल आला. २००३ पासून येणाऱ्या कॉलचे पैसे लागेनासे झाले आणि फोन प्रत्येकाच्या खिशात गेला. सोय झाली, यात शंका नाही. परंतु पूर्वीचा फोन घराचा होता, आताचा माणसाचा आहे. ज्याला तो हाताळता येत नाही, तो भरल्या घरात फोनविना राहिला. म्हणून 'निरुपयोगी' हा शब्द उच्चारण्यापूर्वी विचारले पाहिजे: कुणाला निरुपयोगी?

पण आजींची बाजू घेऊन येथेच थांबणे हेही पुरेसे नाही. वस्तू जवळ असणे वेगळे आणि ती वापरणे वेगळे, असे ॲरिस्टॉटलने सांगितले आहे. सद्गुणाचेही तसेच. प्रेम मनात असून भागत नाही, ते कृतीत उतरावे लागते. मुलगा दरमहा भाडे भरतो, ही आईची काळजीच आहे. पण वर्षभरात त्याने स्वतः एकदाही त्या नंबरावर फोन केला नव्हता. जोडणी चालू होती, बोलणे बंद होते. आपल्या किती नात्यांचे असे झाले आहे?

तेव्हा आम्हाला दोनच मार्ग प्रामाणिक वाटतात. फोन ठेवायचा, तर तो वाजला पाहिजे. कामावरून, परगावाहून, आठवड्यातून एकदा तरी मुलानातवंडांनी त्यावर फोन करावा. शिवाय तांब्याच्या तारेवरचा साधा फोन एक्स्चेंजच्या विजेवर चालतो. घरातली वीज गेली तरी तो बोलतो, हेही लक्षात असू द्यावे.

बंद करायचा, तर आधी आजींना मोठ्या बटणांचा साधा मोबाईल द्यावा, तो त्यांच्याच हाती राहू द्यावा आणि त्यांचा होकार घ्यावा. मग रीतसर बंद करावा. बिल थकवून 'आपोआप कापतील' म्हणणे बरे नाही. आपले देणे आपणच फेडावे. अर्ज द्यावा, कंपनीचे यंत्र परत करावे, पावती घ्यावी, अनामत रक्कम मागावी. फोन दिवंगत वडिलांच्या नावावर असेल, तर मृत्यूचा दाखला व वारसाची कागदपत्रे जोडावीत आणि आलेली रक्कम आईच्या हाती द्यावी. २०२५ पासून महानगर टेलिफोनचे कामकाज भारत संचार निगम पाहते, म्हणून अर्ज कुठे द्यायचा ते आधी विचारून घ्यावे. खांबावरून आलेली तार आपली नव्हे. ती कापून भंगारात विकू नये.

पुढच्या घरभेटीत आम्ही त्या आजींची माफी मागणार आहोत. तोवर त्यांचा नंबर आम्ही मागून घेतला आहे. या रविवारी दुपारी त्यांचा फोन वाजेल.

तुमचा धर्मगुरू