आयते दर्शन

मराठीत ‘आयते’ हा शब्द क्वचितच कौतुकाने उच्चारला जातो. आयत्या बिळावर येऊन बसणारा नागोबा आपल्या भाषेने कधीच दोषी ठरवून टाकला आहे. श्रमावाचून हाती आले ते आयते. आणि ज्यासाठी आपण श्रमलो नाही त्यावर आपला खरा अधिकार नाही, अशी एक नैतिक धारणा या शब्दाच्या पोटात दडलेली आहे. ही धारणा कितपत टिकते, हे तपासायचे तर मध्य युरोपातील पर्वतराजीतून आगगाडीने घडवून आणल्या जाणाऱ्या सहलीचे उदाहरण घेण्याजोगे आहे.

अशा सहलीत तिकिटे, मुक्काम, सामान, जेवणाच्या वेळा या साऱ्यांची काळजी सहलप्रमुख वाहतो. प्रवाशाने फक्त पाहायचे. स्वित्झर्लंडमध्ये सेंट मॉरिट्झ आणि झेरमाट यांना जोडणारी ‘ग्लेशियर एक्सप्रेस’ १९३० साली सुरू झाली. २९१ किलोमीटरचे अंतर ती सुमारे आठ तासांत तोडते. वाटेत २९१ पूल आणि ९१ बोगदे लागतात. कड्याच्या पोटातून ती थेट ६५ मीटर उंचीच्या लँडवासर पुलावर येते आणि पुढे २,०३३ मीटर उंचीची ओबरआल्प खिंड ओलांडते. मोठ्या काचांतून शिखरे पाहणाऱ्याच्या पायाला एकाही दगडाची ठेच लागत नाही. हे दर्शन सर्वस्वी आयते आहे.

त्यावरचा आक्षेपही जुनाच. थॉमस कुक यांनी १८६३ साली पर्यटकांचा पहिला जथा स्वित्झर्लंडला नेला. त्याआधीच जॉन रस्किन यांनी आगगाडीवर ठपका ठेवला होता, की ती प्रवाशाचे जिवंत गाठोडे करून टाकते. गाठोडे पोहोचते, पण प्रवास करीत नाही, असा त्याचा आशय. गिर्यारोहकांच्या मनातही हीच भावना असते : पर्वत त्याचा, जो तो आपल्या पायांनी चढला.

परंतु हा निकष गिर्यारोहकाला तरी पेलतो काय? ज्या झेरमाटला ही गाडी थांबते, त्याच्या माथ्यावर मॅटरहॉर्न उभा आहे. १४ जुलै १८६५ रोजी त्याचे शिखर प्रथम सर झाले. एडवर्ड व्हिंपर यांच्यासह सात जण वर पोहोचले; त्यांपैकी मिशेल क्रो आणि टाउगवाल्डर पितापुत्र हे तिघे वाटाडे होते. उतरताना चौघे कोसळून मरण पावले आणि त्यांत क्रो होते. तरीही त्या विजयावर जगाने नाव कोरले ते मुख्यतः व्हिंपर यांचे. म्हणजे चढून गेलेल्याचे दर्शनही काही अंशी आयतेच होते. त्याला नेणारे कोणी होते. आपल्याकडचा वारकरी पायीच चालतो, परंतु दिंडीची शिस्त आणि वाटेवरच्या गावांनी रांधलेले अन्न यांवाचून तो पंढरपूरला पोहोचत नाही. म्हणून त्याचे दर्शन उणे आहे, असे कोणी म्हणत नाही. नेले जाणे हा दोष नव्हे. संपूर्णपणे स्वतः मिळवलेले असे या जगात काहीच नसते.

मग ‘आयते’ या शब्दातील अस्वस्थता निराधार म्हणावी काय? तसे नाही, तिचे ठिकाण मात्र वेगळे आहे. ओबरआल्प खिंड उतरून गाडी आंडरमाटला येते. त्या गावाच्या खाली, डोंगराच्या गर्भात, १८८२ साली खुला झालेला पंधरा किलोमीटर लांबीचा गॉटहार्ड रेल्वे बोगदा आहे. तो खणणारे मजूर बहुतांशी इटलीतून आलेले होते. ओल, उष्मा, सुरुंगाचा धूर आणि अस्वच्छता यांत दहा वर्षे काम चालले. आतड्यातील कृमींमुळे होणाऱ्या पंडुरोगाने असंख्य मजूर खंगले. १८७५ साली ग्योशेनेन येथे त्यांनी संप केला, तेव्हा गोळीबारात चौघे ठार झाले. कामावरील अपघातांत सुमारे दोनशे जण दगावल्याचे सांगतात. रोगाने नंतर मेलेले या हिशेबात नाहीत. कंत्राटदार लुई फाव्र यांनाही १८७९ साली बोगद्यातच मृत्यू आला. पुढच्या वर्षी दोन्ही बाजूंचे खोदकाम जुळले, तेव्हा पहिल्या छिद्रातून त्यांचे छायाचित्र पलीकडे देण्यात आले. धन्याचा चेहरा असा डोंगर ओलांडून गेला. मजुरांचे चेहरे व्हिन्चेन्झो व्हेला या शिल्पकाराने स्वयंप्रेरणेने घडवले : मृत सोबत्याला डोलीवरून नेणारे कामगार. ते शिल्प ब्राँझमध्ये ओतून आयरोलो स्थानकाजवळ बसवले गेले ते १९३२ साली, बोगदा खुला झाल्यावर पन्नास वर्षांनी.

हे समजण्यासाठी आल्प्सपर्यंत जाण्याची गरज नाही. बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली गाडी घाट चढून गेली. पटकी, ताप आणि अपघात यांनी तेथे हजारो मजूर मेले. आज बोगद्यातून बाहेर पडताच दरीतले धुके पाहून हरखणाऱ्या प्रवाशाला त्यांतील एकाचेही नाव सांगता येणार नाही.

येथे कोणी विचारील : मेलेल्यांची आठवण काढून त्यांना काय मिळणार? आणि आयुष्यभर काटकसर करून उतारवयात एकदा हिमशिखरे पाहायला निघालेल्या माणसाच्या आनंदात हा कडवटपणा कशासाठी कालवायचा? प्रश्न रास्त आहे. आनंद सोडून द्यावा, असे येथे सुचवायचे नाही; न पाहिल्याने कोणाचेही ऋण फिटत नाही. परंतु आपल्या परंपरेने माणूस जन्मतःच ऋणी मानला, तो त्याला खजील करण्यासाठी नव्हे. ऋण मानणारा माणूस मिळालेल्या गोष्टीकडे मालकाच्या नजरेने पाहत नाही, इतकाच त्याचा अर्थ. पैसे मोजले म्हणून सारे फिटले, असे तो समजत नाही. डब्यात ताट आणून ठेवणारा हात, हिमवादळानंतर रूळ मोकळे करणारा कामगार, भाषा न येणाऱ्या वृद्धाला जिन्यावर आधार देणारा सहलप्रमुख, हे त्याला दिसू लागतात. मृतांच्या स्मरणाचा उपयोग असलाच तर तो जिवंतांकडे पाहण्यात आहे.

या ऋणाची आणखी एक बाजू आहे. गाडीच्या नावातील हिमनदी म्हणजे ऱ्होन हिमनदी. पूर्वी फुर्का खिंडीच्या मार्गावरून ती दिसे. १९८२ साली पायथ्याचा बोगदा झाला, गाडी बारमाही धावू लागली आणि हिमनदी खिडकीतून नाहीशी झाली. वर ती स्वतःही वितळत मागे सरते आहे. उन्हाळ्यात तिच्या काही भागावर पांढरे कापड पांघरून बर्फ राखण्याचा प्रयत्न होत आला आहे. ज्यांनी वाट खणली त्यांचे आपण देणे लागतो, तसेच जे अजून यायचे आहेत त्यांचेही. आयते मिळालेले पाहावे, मनापासून पाहावे. मात्र आपल्यापाशी येऊन ते संपले, असे होऊ देऊ नये.