मुदत संपलेले औषध

बुलढाणा जिल्ह्यातील संसार बराचसा पत्र्याच्या छपराखाली चालतो. या पत्र्याला जस्ताचा मुलामा देण्यापूर्वी पोलाद आम्लात बुडवून त्यावरचा गंज व पोपडा काढतात. आम्ल मात्र गंजापाशी थांबत नाही. निकोप पोलादही खाऊ लागते. म्हणून त्यात क्षरणरोधक द्रव्य मिसळतात. त्याचे रेणू धातूला बिलगून आम्लाची वाट अडवतात. नायट्रोजन, गंधक वा ऑक्सिजन असलेल्या सेंद्रिय रेणूंना हे विशेष साधते, आणि आपल्या कितीतरी औषधांचे रेणू नेमके तसेच असतात. त्यामुळे रसायनशास्त्रज्ञांनी मुदतबाह्य प्रतिजैविके या कामी योजून पाहिली, आम्लपित्ताची औषधेसुद्धा! प्रयोगशाळेत त्यांचा गुण दिसून आला.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वस्तू वापरून फेकून देण्याच्या वृत्तीवर कठोर टीका केली आहे. त्या दृष्टीने हा उपक्रम स्वागतार्हच. पण तेवढ्याने औषध सार्थकी लागले, असे म्हणता येईल काय?

भाकरींच्या चमत्कारानंतर शिष्यांनी बारा टोपल्या तुकडे गोळा केले, ते पाच हजार पुरुष जेवून तृप्त झाल्यावर. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. दुकानाच्या फळीवर मुदत संपलेली गोळी अशी तृप्तीनंतर उरलेली असतेच असे नाही. पैशाअभावी कुणी अर्ध्यावर उपचार सोडलेला असतो, आणि तेच औषध दुसरीकडे पडून राहिलेले असते. अशी गोळी पोलादाच्या कामी आली, तरी रुग्णाचे देणे फिटत नाही.

याहून वाईट वाट दानधर्माची. १९८८ साली आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा सुमारे ५००० टन औषधे व वैद्यकीय साहित्य तेथे लोटले गेले. त्यातील ८ टक्के औषधांची मुदत पोहोचतानाच संपलेली होती. १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेने दानाच्या औषधाची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, असे सुचवले. जे आपण आपल्या लेकराला देणार नाही, ते गरिबाच्या ओंजळीत घालायचे आणि त्याला दया म्हणायचे? त्यापेक्षा पोलादाचा उपयोग शतपटीने प्रामाणिक.

रसायनशास्त्रज्ञांना मात्र एक विचारावेसे वाटते. वापरून झालेल्या आम्लासोबत ते प्रतिजैविक कोठे जाणार? भारतात २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी मुदतबाह्य औषधांना पिवळ्या पिशवीत, वेगळ्या विल्हेवाटीसाठी ठेवले आहे. तेच औषध ‘उपयोगी’ ठरून नाल्यात उतरले, तर त्याला न जुमानणारे जंतू पोसले जातील. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यातच उगम पावते, आणि तिच्या काठची गावे पुढे दूरवर पसरलेली आहेत.