वर्दीला मदत, मतपेटीला शिक्षा

एप्रिल १९७९ मध्ये पाकिस्तानच्या युरेनियम-समृद्धीच्या खटाटोपामुळे अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या देशाची मदत तोडली. डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि लगेच त्याच कार्टर यांनी जनरल झियांपुढे ४० कोटी डॉलर ठेवले. झियांना ते फारच थोडे वाटले. मग रेगन यांनी ३२० कोटी डॉलर दिले, वर ४० एफ-१६ विमाने कबूल केली. कहुटातले युरेनियम-समृद्धीचे काम या काळात चालूच होते.

१९८५ च्या प्रेसलर दुरुस्तीने अट घातली : पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही, असा दाखला अध्यक्षांनी दरवर्षी द्यावा, तरच मदत. १९८९ पर्यंत तो मिळत राहिला. त्याच वर्षी सोव्हिएत फौजा परतल्या आणि ऑक्टोबर १९९० मध्ये दाखला अडला. बॉम्बचे काम तोवर बरेच पुढे गेले होते, हे मान्य. पण सोव्हिएत फौजा काबूलमध्ये असत्या, तर दाखला अडला असता असे मला वाटत नाही. पैसे मोजलेली २८ विमाने अमेरिकेतच अडकून पडली.

मला अस्वस्थ करते ते पुढचे. मदत आली तेव्हा सत्तेवर झिया होते. निर्बंधांची वर्षे बेनझीर आणि नवाझ शरीफ यांच्या वाट्याला आली. अणुकार्यक्रमाच्या किल्ल्या लष्कराकडे, पण तिजोरीची ओढाताण निवडून आलेल्या सरकारांनी सोसायची. एवढे करून मे १९९८ मध्ये चगाईत स्फोट झालेच. पोखरणनंतर निर्बंध आपल्यावरही आले. सप्टेंबर २००१ मध्ये दोन्ही देशांवरचे अणुचाचणीचे निर्बंध एकाच निर्णयाने उठले, तेव्हा इस्लामाबादेत सत्तेवर जनरल मुशर्रफ होते. पुन्हा वर्दीच.

निर्बंध हे युद्धापेक्षा सौम्य हत्यार, म्हणून त्यांचे समर्थन होते. त्या युक्तिवादात तथ्य आहे. पण ज्याची गरज आहे त्याला माफी आणि ज्याची नाही त्याला शिक्षा, असे दोन दशके पाहिलेल्या सेनापतींनी त्या अटींना का भ्यावे?

२००९ मध्ये अमेरिकेने वर्षाला १५० कोटी डॉलरची नागरी मदत पाच वर्षांसाठी मंजूर केली. लष्करावर नागरी सरकारचा किती वचक आहे, याचा अहवालही त्या कायद्याने मागितला. पाकिस्तानच्या कोअर कमांडरांनी जाहीरपणे नाराजी नोंदवली. मुशर्रफांच्या काळात मिळालेल्या पैशाबद्दल त्यांनी अशी तक्रार केली नव्हती.