उताराकडची माणसं

२०२० सालच्या मार्चमध्ये दहावीच्या मुलांचा एकच पेपर उरला होता, भूगोलाचा. तो २३ मार्चला व्हायचा होता. कोरोनामुळे आधी पुढे ढकलला गेला आणि १२ एप्रिलला रद्द झाल्याचं जाहीर झालं. गुण कसे द्यायचे, तर बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून. त्या परिस्थितीत दुसरं काही करता आलं नसतं. निर्णय योग्यच होता. पण तो ऐकून मुलांनी, पालकांनी आणि खरं सांगायचं तर आम्ही भूगोलाच्या शिक्षकांनीही सुटकेचा निःश्वास सोडला. गणिताचा पेपर राहिला असता तर राज्यभर केवढी चर्चा झाली असती! चाळीस गुणांचा भूगोल मात्र इतर विषयांवरून अंदाजाने काढता येतो, हे सगळ्यांनी सहज मान्य केलं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षं हा विषय शिकवत होते. माझा विषय गैरहजर राहिला आणि कुणाचंच काही अडलं नाही, हे मला त्या वेळी टोचलं नाही. नंतर टोचलं. त्याला कारण झाला त्याच तुकडीतला एक मुलगा.

आदल्या पावसाळ्यात मी जलप्रणालीचा धडा शिकवत होते. २०१८ साली आलेलं दहावीचं भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना करतं. फळ्यावर ॲमेझॉनचं खोरं काढलं होतं, उपनद्या दाखवत होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, आमच्या लेआउटमागचा नाला कुठं जाते जी?" मुलगा बेसाचा होता. मीही बेसालाच राहते. त्याचा नाला तोच माझा नाला. मी म्हणाले, "तो या नकाशात नाही रे. आणि परीक्षेलाही नाही." वर्ग हसला. तोही हसला आणि खाली बसला. नंतर वर्षभरात त्याने मला काही विचारलं नाही. त्याची परीक्षाही पुढे झालीच नाही.

मी खोटं बोलले नव्हते. पण खरी गोष्ट अशी की मला उत्तर माहीत नव्हतं. ॲमेझॉनच्या उपनद्या पाठ होत्या. घरामागचं पाणी कुठे जातं, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही बेसाला राहायला आलो तेव्हा गच्चीवरून तुरीची शेतं दिसायची. मानेवाडा-बेसा रस्त्याने शहर हळूहळू इकडे सरकलं, शेतांचे लेआउट झाले, लेआउटांवर इमारती उभ्या राहिल्या. ज्याला आम्ही नाला म्हणत होतो तिला नाव आहे, पोहरा. नागपुरात तीन नद्या आहेत, नाग, पिवळी आणि पोहरा. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी महापालिका त्यांची सफाई काढते तेव्हा वर्तमानपत्रात ही नावं येतात, आणि पाऊस संपला की विसरली जातात.

निवृत्त झाल्यावर त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मी शोधून काढलं. अर्ध्या तासाचं काम होतं. पोहरा शहराच्या दक्षिण अंगाने पूर्वेला जाते आणि पुढे नाग नदीच्या प्रवाहाला मिळते. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ गोसीखुर्दचं धरण आहे. १९८८ साली त्याचं भूमिपूजन झालं आणि सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन ओलिताखाली आणण्याचं त्याचं उद्दिष्ट. नागपूरचं सांडपाणी त्या जलाशयापर्यंत पोचतं. तिथे मासे धरणारे ढीवर आहेत, पाणी घेणारे शेतकरी आहेत. पुढे वैनगंगा वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला.

आता दुसरी बाजू. नागपूर पितं काय? पेंचच्या धरणांचं आणि कन्हानचं पाणी. पेंच ही कन्हानचीच उपनदी. म्हणजे ज्या नदीचं पाणी आपण वरच्या अंगाला उचलतो, त्याच नदीला खालच्या अंगाला आपलं सांडपाणी परत करतो. उधार आणलेली वाटी घाण करून शेजारणीच्या हातात द्यावी, तसं. फरक एवढाच की ही शेजारीण आपल्याला कधी दिसत नाही.

इथे नीतीचा प्रश्न सुरू होतो. जे माहीत नाही त्याचा दोष माणसाला लावता येतो का? साधारणपणे नाही. अंधारात कुणाच्या पायावर पाय पडला तर आपण माफी मागतो, पण त्याला गुन्हा मानत नाही. मात्र दिवा हाताशी असताना तो न लावणं ही वेगळी गोष्ट आहे. बेसातल्या आम्हा सुशिक्षित माणसांचं अज्ञान दुसऱ्या प्रकारचं आहे. ते आपोआप आलेलं नाही, सोयीने राखलेलं आहे. आणि ते राखायला एक शब्द पुरला. नदीला नाला म्हटलं की काम झालं. नदीला उगम असतो, काठ असतो, खालची गावं असतात. नाला कुठून येत नाही, कुठे जात नाही. तो फक्त वास मारतो आणि त्यावर स्लॅब टाकावा लागतो. मी त्या दिवशी वर्गात मुलाला भूगोलाचं उत्तर नाकारलं, एवढंच नव्हे. खाली कुणी राहतं आहे, हे कळण्याची वाट मी बंद केली.

याचं खापर पुस्तकावर फोडता येत नाही. त्याच दहावीच्या पुस्तकाचा पहिला धडा 'क्षेत्रभेट' हा आहे. तिसरीला आपला जिल्हा, चौथीला महाराष्ट्र, पाचवीला देश, मग जग, असा घरापासून बाहेर जाणारा क्रम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी गिरवला आहे. दोष आमच्या अंमलबजावणीत आहे. क्षेत्रभेटीचा अहवाल मुलं गाईडमधून उतरवतात आणि आम्ही तो तपासतो. सहल निघते ती वॉटर पार्कला. कारणंही खरी आहेत. पासष्ट मुलं, एक शिक्षक, बसची परवानगी, उद्या एखादं मूल घसरून पडलं तर उत्तर कोण देणार? मी स्वतः दोनदा नदीवर न्यायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा वर्गातच नकाशा भरून घेतला.

माझी एक सहकारी या सगळ्याला विरोध करायची, आणि तिचा मुद्दा हलका नव्हता. ती म्हणायची, "अगं, या मुलांनी परिसर जन्मभर बघायचाच आहे. ज्याने नागपूरच्या बाहेर पाऊल टाकलेलं नाही, त्याला ब्राझील कळलं पाहिजे. नकाशा हेच त्याचं पहिलं तिकीट. तू त्याला पुन्हा नाल्यावर उभं करतेस?" ती बरोबर होती. गरिबाच्या मुलाला 'स्थानिक' शिक्षण आणि श्रीमंताच्या मुलाला जग, अशी वाटणी करणं अन्यायच. पण मला वाटतं ॲमेझॉन आणि पोहरा हे दोन धडे नाहीतच. ॲमेझॉनच्या जंगलातून उठलेली वाफ वाऱ्याबरोबर दक्षिणेला शेकडो मैल जाते आणि तिथे पाऊस होऊन पडते. इथे झाड तुटलं की तिथला पाऊस बदलतो. उतार नुसता जमिनीलाच असतो असं नाही, हवेलाही असतो. हे ज्याला पोहराच्या काठावर कळलं, त्याला ब्राझील वेगळं शिकवावं लागत नाही. आणि ज्याला पोहरा नाला वाटते, त्याच्यासाठी ॲमेझॉन म्हणजे नुसती 'जगातली सर्वांत मोठी' अशी एका गुणाची रिकामी जागा राहते.

दुसरी शंका अधिक खोल आहे. जमीन जाणली म्हणजे माणूस जबाबदार होतो, हे कशावरून? याचं उत्तर शोधायला नागपूरकराला फार लांब जावं लागत नाही. भारताचं महासर्वेक्षण १८०२ मध्ये मद्रासला सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये आपल्या शेजारच्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. या देशाची जमीन त्याच्याइतकी बारकाईने त्याआधी कुणी मोजली नसेल. पण ते मोजमाप राज्य करण्याच्या कामाचं होतं. त्याच सर्वेक्षणाची खूण म्हणून आपल्याकडे झिरो माइलचा दगड आहे, १९०७ सालचा. त्याला 'भारताचा मध्यबिंदू' समजून आपण मुलांना तिथे फोटो काढायला उभं करतो, आणि मध्यभागी राहतो म्हणून मुलं खूश होतात. मध्यबिंदूच्या भूगोलात मी शून्यावर असतो आणि बाकी सगळं जग माझ्यापासून इतक्या-इतक्या अंतरावर असतं. नदीचा भूगोल याच्या उलटा आहे. नदीला मध्यबिंदू नसतो. तिच्यावर प्रत्येक जण कुणाच्या तरी खाली आणि कुणाच्या तरी वर राहतो. जमीन मोजून जबाबदारी येत नाही, हे खरं. ती येते स्वतःला त्या नकाशात ठेवल्यावर, आणि तेही मध्यभागी न ठेवता.

आता तिसरी शंका, जिचं उत्तर मला अजून नीट सापडलेलं नाही. हे सगळं मुलांच्या डोक्यावर का ठेवायचं? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदी घरांमध्ये शिरली. माणसं दगावली. त्यानंतर आमच्या इमारतीतल्या सातवीतल्या मुलीने मला विचारलं, "आजी, आपली बिल्डिंग नदीत आहे का?" तिच्या बाबांनी घरासाठी वीस वर्षांचं कर्ज काढलं आहे. खरं सांगितलं तर ती रात्री पावसाच्या आवाजाने जागी राहणार. खोटं सांगितलं तर मी पुन्हा तीच, 'परीक्षेला नाही' म्हणणारी. ज्या सत्याचं मूल काहीही करू शकत नाही, ते त्याच्या हाती देणं हे शिकवणं नव्हे. आपलं ओझं त्याच्या पाठीवर टाकणं आहे.

मी तिला म्हणाले, चल, बघू. सुट्टीच्या दिवशी इमारतीतली पाच-सहा मुलं आणि मी पोहराच्या काठाने चालत गेलो. बेसाच्या जुन्या वस्तीतल्या एका आजोबांनी पूर्वी पाणी कुठपर्यंत यायचं ते काठीने दाखवलं. कुठे पोहत होते, कुठे बैल धुवायचे, तेही सांगितलं. मुलांनी घरी येऊन मोठ्या कागदावर नकाशा काढला. नदी निळी, रस्ता काळा, इमारती चौकोनी. आमची इमारत पुराच्या खुणेच्या बाहेर निघाली, थोडीशीच. मुलीचा जीव भांड्यात पडला. माझाही.

मग एका मुलाने विचारलं की नदीत कोण-कोण पाणी सोडतं ते बाणांनी दाखवायचं का. मी हो म्हणाले. त्यांनी नदीत येताना पाहिलेले पाइप एकेक करून मांडले. शेवटी तो म्हणाला, "आपला पण आहे ना, आजी? मागच्या भिंतीतून?" आमच्या सेप्टिक टँकचं वर आलेलं पाणी ज्या पाइपने बाहेर जातं, तो पाइप मला माहीत होता. मेंटेनन्सच्या बैठकीत त्याचा खर्च मीही मंजूर केला होता. मुलं माझ्याकडे बघत होती. पेन्सिल माझ्या हातात होती. तो बाण मी काढला.

तिसऱ्या शंकेचं उत्तर असलंच तर याच दिशेला असावं. मुलांना दोष शिकवायचा नाही, पण नकाशातून मोठ्यांना वगळायचंही नाही. बाण मोठ्यांनी काढायचे, आपल्या हाताने, मुलांसमोर. म्हणजे पुढचं काम कुणाचं आहे, हे मुलांनाही कळतं.

तो नकाशा मी सोसायटीच्या बैठकीत नेला. आमच्याच इमारतीत पाणी शुद्ध करून सोडायचं तर प्रत्येक फ्लॅटमागे किती खर्च येईल, याचा अंदाज मागवला आहे. काहींचं म्हणणं पडलं की नाग नदीच्या शुद्धीकरणाचा दोन हजार कोटींच्या आसपासचा सरकारी प्रकल्प मंजूर आहे, तो होऊ दे, मग आपलं बघू. एक जण म्हणाले, "मॅडम, सगळेच सोडतात." कुणी हसलं नाही, पण तो वर्ग मला आठवला. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे.

तो मुलगा आता विशीत असेल. कुठे आहे, मला ठाऊक नाही. भेटला तर सांगीन, पाणी पवनीला जातं, बाबा, आणि तिथे माणसं राहतात.