प्रबंध आणि वीणेची तार



पीएच.डी. करणारा मुलगा संध्याकाळी गिटार घेऊन बसला, रविवारी मित्रांसोबत बिर्याणी करू लागला, की आपण चटकन म्हणतो, "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे!" हे म्हणणे न्याय्य आहे का?

बाबासाहेबांचा काटकसरीपणा हौसेचा नव्हता. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. साठवलेले आणि उसने पैसे घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा गेले. तिथला प्रत्येक तास महाग होता. त्याच बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो.

सोण भिक्खूंची गोष्ट आठवा. चंक्रमण करून करून पाय रक्ताळले, तरी फळ दिसेना. घरी परतावे असे वाटू लागले. गृहस्थ असताना ते वीणा वाजवत. भगवंतांनी त्यांना आणखी कष्ट कर असे सांगितले नाही, तारेविषयी विचारले. फार ताणली तर सूर नाही, फार सैल सोडली तरी नाही.

पण तार सैल करायची तीही सुरासाठीच. म्हणून कसोटी एवढीच: गिटारनंतर तो ताज्या मनाने प्रबंधाकडे वळतो, की अडलेले प्रकरण टाळण्यासाठीच वाजवतो? याचे उत्तर बाहेरून तास मोजून मिळत नाही. ते त्याचे त्यालाच प्रामाणिकपणे ऐकावे लागते. आपण "कधी संपणार?" विचारण्याआधी एकदा "काय वाजवतोस?" असे विचारून पाहू.